तिरप्या ठळक अक्षराची वाटचाल : मराठी शीर्षकाक्षरांच्या घडणीचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : सातारा–सांगली परिसर)

प्रस्तावना :

मराठी मुद्रणाचा इतिहास म्हटला की छापखाने, ग्रंथ, वृत्तपत्रे आणि त्यांचे संपादक यांचा विचार आपल्या डोळ्यांसमोर येतो. काय छापले गेले याचा शोध अभ्यासकांनी कसोशीने घेतला आहे. परंतु जे छापले गेले ते कोणत्या आकाराच्या अक्षरांत छापले गेले आणि त्या आकाराने वाचकाला काय सांगितले, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात क्वचितच उपस्थित होतो. अक्षराचा अर्थ आपण शब्दात शोधतो. त्याच्या रूपात शोधत नाही.

महाबळेश्वरसारख्या गिरिस्थानाच्या बाजारपेठेत या दुसऱ्या अर्थाचे महत्त्व सहज लक्षात येते. येथे येणारा पर्यटक ग्रंथ वाचावयास येत नाही. तो पाट्या वाचतो. दुकानांची नावे, स्ट्रॉबेरी व मधाच्या जाहिराती, प्रवासी गाड्यांच्या बाजूंवरील अक्षरे, स्थळदर्शनाचे फलक हे सर्व काही क्षणांत वाचून तो पुढे जातो. या अक्षरांमध्ये एक विशिष्ट प्रकार वारंवार आढळतो. अक्षर जाड असते, उजवीकडे झुकलेले असते, त्याच्या वेलांट्या व मात्रा मागे ओढलेल्या असतात आणि एकूण ठेवण वेगाचा, नवेपणाचा, येणाऱ्या काळाचा भास निर्माण करणारी असते. प्रस्तुत निबंधात या अक्षरप्रकाराला ‘तिरपे ठळक शीर्षकाक्षर’ असे संबोधले आहे. सलग मजकुरासाठी नव्हे, तर नाव, मथळा, जाहिरात किंवा पाटी यांसाठी वापरावयाचे अक्षर ते शीर्षकाक्षर होय.

रोमन लिपीमध्ये तिरपे अक्षर पाचशेहून अधिक वर्षे खिळ्यांच्या रूपाने वावरत आहे. मराठी ग्रंथमुद्रणात मात्र ते रुजले नाही. असे असूनही पाटीवर, भित्तिपत्रकावर आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर ते आत्मविश्वासाने उभे राहिले. खिळ्यांच्या पेटीत ज्याला स्थान मिळाले नाही ते अक्षर बाजारात कोठून आले, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१. तिरपेपणा आणि गती यांचे नाते कसे निर्माण झाले हे पाहणे.
२. देवनागरीच्या खिळ्यांत तिरपे अक्षर न रुजण्याची तांत्रिक कारणे स्पष्ट करणे.
३. सातारा–सांगली परिसरातील मुद्रण व चित्रकला यांच्या परंपरेच्या आधारे मराठी शीर्षकाक्षराची घडण समजून घेणे.
४. संगणकीय अक्षररचना व फलकविषयक कायदा यांच्या पार्श्वभूमीवर या वारशाच्या जतनाचा विचार करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

तिरपेपणा आणि गती : पाश्चात्त्य पार्श्वभूमी

तिरप्या अक्षराचा आरंभ वेगाच्या कल्पनेतून झालेला नाही. व्हेनिस येथील मुद्रक आल्दुस मनुतिउस याने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून कोरून घेतलेले तिरपे खिळे १५०१ साली व्हर्जिलच्या काव्यग्रंथासाठी वापरले. त्यामागे विद्वानांच्या जलद हस्ताक्षराचा आदर्श होता. म्हणजेच ते एक स्वतंत्र वळण होते. सरळ अक्षर ढकलून वाकडे केले की हे वळण तयार होत नाही. पुढे रोमन लिपीच्या मुद्रणात ते सरळ अक्षराचे सोबती बनले आणि ग्रंथनाम, परकीय शब्द किंवा जोर दाखविण्यासाठी वापरले जाऊ लागले.

एकोणिसाव्या शतकात जाहिरातीचा व्याप वाढल्यावर इंग्लंडमधील ओतशाळांनी अतिजाड अक्षरे बाजारात आणली. तिरपेपणा व जाडी यांना वेगाचे तत्त्वज्ञान मात्र विसाव्या शतकाने दिले. इटालियन कवी मारिनेत्ती याने २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या पत्रात भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. मोटार, यंत्र आणि गती यांचा गौरव हे त्या चळवळीचे सूत्र होते. १९१३ मधील आपल्या दुसऱ्या एका जाहीरनाम्यात त्याने पानावरील अक्षररचनेची सममिती मोडण्याचा पुरस्कार केला. वेगवान संवेदनांसाठी तिरपी अक्षरे आणि प्रचंड ध्वनींसाठी जाड अक्षरे वापरावीत असे त्याने सुचविले. तिरपे आणि ठळक ही दोन लक्षणे गतीची चिन्हे म्हणून येथे जाणीवपूर्वक एकत्र आली.

याच काळात छायाचित्रणानेही डोळ्यांना नवी सवय लावली. त्या वेळच्या काही कॅमेऱ्यांची झडप फटीसारखी सरकत असे. त्यामुळे धावत्या मोटारीचे चाक छायाचित्रात गोल न उमटता पुढे झुकलेल्या लंबवर्तुळासारखे उमटे. फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तीग याचे शर्यतीच्या मोटारीचे प्रसिद्ध छायाचित्र याचेच उदाहरण होय. व्यंगचित्रकारांनी व जाहिरातकारांनी हा झुकाव उचलला. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या लिपीत उजवीकडचा झुकाव म्हणजे पुढे जाणे, हा संकेत रूढ झाला. देवनागरीची वाचनदिशाही तीच असल्यामुळे हा संकेत मराठी वाचकाला समजावून सांगावा लागला नाही.

देवनागरीची घडण आणि झुकावाचा प्रश्न

आपल्याकडे झुकलेले अक्षर अपरिचित होते असे मुळीच नाही. मोडी लिपी ही जलद लेखनाचीच लिपी. कागदावर आधी शिरोरेषा ओढून तिच्या खाली हात न उचलता लिहीत जाण्याची तिची रीत होती आणि घाईच्या हातात अक्षर सहज कलत असे. दफ्तरातील वेग मोडीचा होता; पोथीतील स्थैर्य बाळबोधीचे होते. महाराष्ट्रात जलद वळण आणि स्थिर वळण या दोन स्वतंत्र लिपी म्हणून नांदल्या. रोमन लिपीने ज्या जलद वळणाला तिरप्या खिळ्याचे रूप दिले, त्याचे आपल्याकडील स्थान मोडीकडे होते. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत छापले गेले आणि त्याच्याच १८१० मधील मराठी कोशात मोडी खिळे वापरले गेले. परंतु पुढे छापील मराठीने बाळबोधीचाच स्वीकार केला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून मागे पडली. परिणामी मराठी मुद्रणाला सरळ अक्षराचा तिरपा जोडीदार मिळालाच नाही. मजकुरात जोर द्यावयाचा असता ठळक खिळे किंवा अवतरणचिन्हे वापरण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरी गोष्ट बोरूच्या कापाची. देवनागरीसाठी बोरू तिरपा कापला जातो आणि त्यामुळे अक्षरातील जाड-बारीकाची दिशा रोमनच्या उलट असते. ‘ठ’ किंवा शून्याचे वर्तुळ पाहिले तर डावीकडची वरची आणि उजवीकडची खालची बाजू जाड दिसते. रोमन ‘ओ’ मध्ये हेच उलट असते. शिवाय देवनागरीत सरळ दंड, आडवी शिरोरेषा आणि तिरपे अवयव यांचा एक तोल आहे. मात्रा शिरोरेषेवरून डावीकडे कलते, तर ‘र’ चा पाय आणि हलन्ताची रेघ उजवीकडे खाली उतरतात. अशा लिपीला उजवीकडे झुकवावयाचे तर केवळ दंड कलते करून भागत नाही. प्रत्येक अवयवाचा नव्याने विचार करावा लागतो.

मिरजेची गीता आणि अखंड पृष्ठाची परंपरा

या विचाराला वाव मिळण्यासाठी अक्षर काढणाऱ्याच्या हाती संपूर्ण पृष्ठ असावे लागते. या दृष्टीने आपल्या परिसरातील एक घटना महत्त्वाची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणवीस यांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्याचा उपक्रम योजिला होता. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासात हे तंत्र तेथील तांबट कारागिरापर्यंत पोहोचले होते. १८०० मध्ये नानांचे निधन झाले. त्यानंतर मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ साली मिरज येथे ही गीता छापून झाली. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात या प्रयत्नाची नोंद घेतली आहे.

या गीतेत सुटे खिळे नव्हते. संपूर्ण पृष्ठ एका पत्र्यावर उलटे कोरले जाई. कॅरेचे व्याकरण आणि मिरजेची गीता ही दोन्ही १८०५ या एकाच वर्षातील मुद्रिते होत. एक सुट्या खिळ्यांचे, दुसरे अखंड पत्र्याचे. पुढील दोन शतकांत मराठी अक्षर ज्या दोन वाटांनी गेले त्यांचे जणू प्रारंभबिंदूच या वर्षाने आपल्यासमोर ठेवले आहेत. पहिली वाट ग्रंथ व वृत्तपत्रांची. दुसरी शिळाछाप, भित्तिपत्रक आणि पाटी यांची.

दुसऱ्या वाटेवरचा पुढचा टप्पा शिळाछापाचा होय. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर पंचांग छापले. शिळेवर लेखकाचा हात जसाच्या तसा उमटत असल्याने पोथीचे वळण, चित्र आणि वेलबुट्टी एकाच पृष्ठावर सुखाने नांदत. अक्षर आणि चित्र यांची ही जवळीक पुढे भित्तिपत्रकांच्या उपयोगी पडली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांसाठी भित्तिपत्रके काढली. त्यांपैकी १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ चे भित्तिपत्रक हे उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांतील सर्वांत जुन्यांपैकी एक मानले जाते. चित्रकारानेच चित्रही काढावे आणि नावही, ही रीत येथे दृढ झाली.

खिळ्यांचे बंधन

पहिल्या वाटेवर मात्र अक्षर सरळच राहिले. टॉमस ग्रॅहम याने मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात घडविलेले खिळे, त्यानंतर जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले खिळे यांनी मराठी ग्रंथाला त्याचे परिचित सौंदर्य दिले. निर्णयसागरी अक्षर संस्कृत ग्रंथांमुळे देशभर पोहोचले. या सौंदर्यामागे किती कष्ट होते हे जुळाऱ्याच्या पेटीवरून कळते. मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे मिळून कित्येक शे खिळे हाताळावे लागत. लोकमान्य टिळकांसारख्या संपादकाने खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले, यावरून त्या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे. मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये भाषा संचालनालयातर्फे प्रसिद्ध झालेल्या आपल्या त्रिखंडात्मक ग्रंथात देवनागरी मुद्राक्षरांच्या या सर्व घडामोडींचा विस्तृत आढावा घेतला आहे.

खिळा हा शिशाचा चौकोनी ठोकळा असतो. सरळ अक्षर त्यावर सुखाने बसते. अक्षर तिरपे केले की त्याचे टोक ठोकळ्याच्या बाहेर येते आणि शेजारच्या खिळ्यावर टेकते. छपाईच्या दाबाखाली ते तुटण्याचा संभव असतो. रोमन लिपीत ही अडचण मोजक्या अक्षरांपुरती होती. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराला भिडली पाहिजे, शिवाय वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खाली उकार. डिग्री पद्धतीत ही वरची व खालची चिन्हे स्वतंत्र लहान खिळ्यांच्या रूपाने तीन थरांत जुळविली जात. अक्षर झुकले की वरचे चिन्ह उजवीकडे आणि खालचे डावीकडे सरकले पाहिजे. चौकोनी थरांच्या रचनेत ते सरकणार कसे? अखंड पद्धतीत अक्षर व चिन्ह एकत्र ओतावयाचे म्हटले तर शेकडो खिळ्यांची तिरपी पेटी नव्याने घडवावी लागणार. केवळ मथळ्यापुरत्या अक्षरासाठी एवढा खर्च कोणता मुद्रक करील? मराठीत तिरप्या खिळ्याचा अभाव हा कल्पकतेचा अभाव नव्हता. त्यामागे शिशाचे आणि पैशाचे गणित होते.

किर्लोस्करवाडी आणि औंध : चित्रकाराच्या हातचे अक्षर

या अडचणीतून मार्ग काढला तो ब्लॉकने. कागदावर हाताने रेखाटलेले अक्षर छायाचित्राच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावर उतरवून त्याचा ठसा करता येऊ लागला आणि तो ठसा खिळ्यांच्या मजकुराबरोबर एकाच पानावर छापता येऊ लागला. म्हणजे मजकूर जुळाऱ्याचा आणि शीर्षक चित्रकाराचे अशी वाटणी झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ चा दिवाळी अंक काढून जी परंपरा सुरू केली, तिच्या वाढीबरोबर शीर्षकाक्षर काढणाऱ्या हातांनाही काम मिळत गेले.

या वाटणीचे महत्त्व ओळखणारे एक केंद्र आपल्याच परिसरात होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीतील माळरानावर कारखाना उभारला. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही किर्लोस्करवाडी होय. तेथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, जे पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रभर गेले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ या मासिकांची त्यात भर पडली. या मासिकांचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर हे मुळात चित्रकार होते. लाहोर येथे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते आणि व्यंगचित्रकार म्हणूनही त्यांनी नाव मिळविले. पंडित सातवळेकर पुढे औंधला आले व त्यांनी तेथे स्वाध्याय मंडळाचे वेदविषयक प्रकाशनकार्य चालविले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. अशा रीतीने एका लहानशा संस्थानात लोखंडी नांगराचा कारखाना, वेदांचे मुद्रण, राजाचे चित्रसंग्रहालय आणि यंत्रयुगाची भाषा बोलणारे मासिक ही सर्व एकमेकांच्या शेजारी उभी होती.

नांगर, चरक, पंप यांची जाहिरात पोथीच्या अक्षरात करता येत नाही. यंत्र विकावयाचे तर अक्षरातही यंत्राचा ठामपणा हवा, ही जाणीव चित्रकार-संपादकाला असणे स्वाभाविक होते. युरोपातील भविष्यवाद हा शहरी बंडखोरांचा उद्गार होता. आपल्याकडे नव्या युगाची दृश्यभाषा कारखान्याच्या आणि मासिकाच्या गरजेतून, शेतकरी ग्राहकाला समोर ठेवून आकारास आली. हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

याच सुमारास मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्यातून उपयोजित कलासंस्था उभी राहिली. अक्षरलेखन हा तेथील शिक्षणाचा पाया होता. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी मासिकाचे दर्शनी रूप पालटले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींत नाटकाचा प्रकृतिधर्म अक्षरातून व्यक्त करण्याची पद्धत रुजविली. त्यांच्या हाती प्रत्येक शीर्षक एक स्वतंत्र अक्षरसंच बनले. परंतु तो संच त्या तीन-चार शब्दांपुरताच असे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरात संस्था, मुंबईची आय. आय. टी. आणि नंतर संगणकीय अक्षरनिर्मिती असा प्रवास करून हाताचे अक्षर व यंत्राचे अक्षर यांमध्ये सेतू बांधला. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचे जलद वळण देवनागरीत आणले व त्याला ‘मुक्तलिपी’ असे नाव दिले. खिळ्यांच्या काळात बाहेर राहिलेला मोडीचा झुकाव असा पुन्हा देवनागरीत आला.

पेंटर आणि पाटी

कलाशाळेच्या शिक्षणापलीकडे गावोगावी ‘पेंटर’ या नावाने ओळखला जाणारा कारागीर होता. दुकानाची पाटी, मालमोटारीची पाठ, निवडणुकीची भिंत, गणेशोत्सवाचा फलक आणि चित्रपटगृहाबाहेरील जाहिरात ही त्याची पाने होत. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली. पुढे रस्त्यांवरील वाहतूक जसजशी वाढली तसतसे अक्षराला धावते पृष्ठ मिळाले. खासगी प्रवासी गाड्यांवर तर तिरपे, जाड आणि सावली दिलेले अक्षर हे जणू ओळखचिन्हच झाले.

पेंटरची पद्धत पाहिली तर तिरपेपणाचे देवनागरी व्याकरण त्याने अनुभवातून सिद्ध केले होते असे दिसते. प्रथम खडूने वरची व खालची रेघ आखावयाची, मग कलत्या समांतर रेघा ओढून झुकाव ठरवावयाचा. शिरोरेषा हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न असे. ती पूर्ण ठेवली तर अक्षर जमिनीला खिळल्यासारखे दिसते. म्हणून तो ती काही ठिकाणी तोडी, कधी गाळून टाकी, तर कधी डावीकडे निमुळती करून ध्वजासारखी मागे उडती ठेवी. मात्रेचा मूळचा डावा कल तो वाढवून वेगाची रेघ बनवी. पहिल्या अक्षराची वेलांटी किंवा शेवटच्या अक्षराचा उकार संपूर्ण शब्दाखालून फिरवून घेई. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे जाडीमुळे बुजू नयेत म्हणून ती किंचित रुंद ठेवी. यांपैकी कोणतीही गोष्ट सूत्ररूपाने लिहून ठेवलेली नाही. ती गुरूच्या हाताखाली रंगाचे डबे धरता धरता शिकली जाई.

महाबळेश्वरचा विचार करता यात हवामानाचीही भर पडते. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यातील व्यवहारातून हे गिरिस्थान इंग्रजांकडे आले आणि बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक आहे. अशा पावसात रंगीत पाटी फार काळ टिकत नाही. ती पुनःपुन्हा रंगवावी लागते. म्हणून येथील पाटी ही स्वभावतःच क्षणभंगुर साधन आहे. शिलालेख व ताम्रपट टिकतात म्हणून त्यांचा अभ्यास होतो. पाटी टिकत नाही म्हणून तिची नोंदही होत नाही. परंतु एखाद्या गावाची भाषा, ग्राहक आणि आकांक्षा यांचा पुरावा म्हणून पाटीचे मोल कमी मानता येणार नाही.

संगणक आणि ढकललेले अक्षर

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत छपाईतून शिसे गेले. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. त्याच्या आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ सारख्या आज्ञावलींनी गावोगावच्या छापखान्यांत अनेक अक्षरसंच पोहोचविले. खिळ्याचा चौकोनी ठोकळा नाहीसा झाल्याने तिरपेपणावरील जुने बंधन संपले. कोणतेही अक्षर एक कळ दाबून तिरपे करता येऊ लागले.

येथेच नवा प्रश्न उभा राहिला. संगणक अक्षराला झुकवितो म्हणजे त्याच्या वरच्या भागाला आडवे ढकलतो. या ढकलण्यात उजवीकडे चढणाऱ्या रेघा लांबट व बारीक होतात आणि उजवीकडे उतरणाऱ्या रेघा आखूड व जाड होतात. रोमन अक्षरात मुळातच उतरती रेघ जाड असल्याने जाड-बारीकाचा भेद वाढतो. देवनागरीत जाडी चढत्या रेघेत असल्याने तोच भेद बुजतो. डावीकडे कललेली मात्रा ताठ उभी राहते आणि तिचा डौल जातो. शिरोरेषा मात्र जशीच्या तशी आडवी राहते. म्हणजे अवयव झुकले तरी अक्षर धावत नाही; ते कलंडल्यासारखे दिसते. पेंटरने ज्या चार-पाच ठिकाणी हात फिरवून अक्षराला गती दिली असती, नेमकी तीच ठिकाणे यंत्राच्या झुकावात दुर्लक्षित राहतात.

याचा अर्थ संगणक हा अक्षराचा शत्रू आहे असा नव्हे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्ता’, ‘बलू’ व ‘मोदक’ हे देवनागरी अक्षरसंच मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. त्यांपैकी ‘मोदक’ हा तर जाडीची परिसीमा गाठणारा शीर्षकाक्षर-संच असून त्यात अक्षरांची पोटे केवळ बारीक फटींच्या रूपाने उरली आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ मधील ‘पॉपिन्स’ हा संच देवनागरीत अनेक जाडींसह मिळतो. देवनागरीच्या अंगभूत तर्काने विचार करणारा अक्षररचनाकार असेल तर संगणक हे बोरूइतकेच आज्ञाधारक साधन ठरते. परंतु फ्लेक्सच्या दुकानात जो तरुण घाईने पाटी तयार करतो त्याच्यापर्यंत हा तर्क पोहोचलेला नाही, आणि ज्या पेंटरकडे तो होता त्याला फ्लेक्सने कामावरून दूर केले आहे.

पाटीचा कायदा : आकार आणि रूप

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमात केलेली सुधारणा विचारात घ्यावयास हवी. या सुधारणेमुळे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांसह सर्वांना नामफलक मराठी भाषेत व देवनागरी लिपीत लावणे बंधनकारक झाले. मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षरापेक्षा लहान असता कामा नये, अशीही तरतूद तीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना याच्या पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती.

भाषिक दृष्ट्या हा निर्णय स्वागतार्ह आहे. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जेथे स्थळांची नावेसुद्धा इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्मृती जपतात, तेथे देवनागरीला दर्शनी स्थान मिळणे महत्त्वाचे आहे. तथापि कायदा अक्षराची उंची मोजू शकतो. त्याचे रूप मोजू शकत नाही. अनेकदा मूळ रोमन नावाची आकर्षक रचना कायम ठेवून तिच्या शेजारी देवनागरी नाव कोणत्याही उपलब्ध संचात, प्रसंगी यंत्राने ढकलून, बसविले जाते. उंची समान असते, प्रतिष्ठा समान नसते. वाचकाला नकळत असा संदेश मिळतो की नवेपणा रोमनचा आणि अनुपालन मराठीचे. भाषेच्या दृश्य प्रतिष्ठेचा हा प्रश्न केवळ भाषा विभागाचा नसून इतिहास, कला, वाणिज्य आणि संगणकशास्त्र या सर्वांचा आहे.

वेगळी दिशा दाखविणारे उदाहरणही याच तालुक्यात आहे. मे २०१७ मध्ये भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून घोषित झाले, तेव्हा कलावंतांनी स्वेच्छेने येऊन तेथील घरांच्या भिंती रंगविल्या आणि साहित्यप्रकारांना दृश्य रूप दिले. हाताने काढलेले मराठी अक्षर व चित्र आजही एका संपूर्ण गावाची ओळख बनू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

निष्कर्ष :

१. तिरपेपणा व गती यांचे नाते नैसर्गिक नसून विसाव्या शतकाच्या आरंभी जाणीवपूर्वक घडविलेले आहे. समान वाचनदिशेमुळे मराठीने ते सहज स्वीकारले.

२. मराठी ग्रंथमुद्रणात तिरपे अक्षर न रुजण्याची कारणे खिळ्याची चौकोनी घडण, चिन्हांचे थर, शिरोरेषेची सलगता आणि खर्च यांत आहेत. मोडीचे स्वतंत्र अस्तित्व हेही त्याचे एक सांस्कृतिक कारण होय.

३. मराठीतील तिरपे ठळक शीर्षकाक्षर ओतशाळेने घडविले नसून चित्रकाराने व पेंटरने घडविले. मिरजेच्या ताम्रपत्री गीतेपासून शिळाछाप, भित्तिपत्रक, किर्लोस्करवाडीची मासिके आणि बाजारातील पाट्या यांपर्यंत ‘अखंड पृष्ठा’ची एक परंपरा दाखविता येते.

४. यंत्राने ढकललेले देवनागरी अक्षर हे या परंपरेचे पुढचे पाऊल मानता येत नाही. देवनागरीतील जाड-बारीकाची दिशा भिन्न असल्याने रोमनसाठी चालणारी युक्ती येथे अक्षराची हानी करते.

५. या अक्षरपरंपरेची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. जुने पेंटर हयात आहेत तोवरच त्यांच्या मुलाखती, त्यांची कच्ची रेखाटने आणि उरलेल्या पाट्यांची छायाचित्रे यांचे संकलन शक्य आहे. हे कार्य मोठ्या निधीवर अवलंबून नाही. महाविद्यालयातील इतिहास व मराठी विभागांनी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत आपापल्या गावाच्या बाजारपेठेची अक्षरनोंद हा विषय समाविष्ट केला, प्रत्येक पाटीचे ठिकाण, अंदाजे काळ, साधन आणि काढणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदविले, तर काही वर्षांत जिल्ह्याचा एक विश्वसनीय संग्रह तयार होईल. वाईसारख्या ठिकाणाहून मराठी विश्वकोशाचे कार्य चालते. त्या परिसरातील महाविद्यालयांनी मराठी अक्षराच्या दर्शनी इतिहासाची नोंद करण्यात पुढाकार घेणे सर्वथा उचित ठरेल. नव्या पिढीच्या अक्षररचनाकाराला देवनागरीचा स्वतःचा झुकाव शोधावयाचा असेल तर त्याला आधार म्हणून अशा नोंदींचीच आवश्यकता भासणार आहे.